वेणीफणीतली फणी

'वेणीफणी' हा जोडशब्द मराठी घरांत अद्याप रोजच्या वापरात असला, तरी त्यातील उत्तरपद ज्या वस्तूचे नाव आहे ती वस्तू आता क्वचितच दृष्टीस पडते. आणि तिच्या जागी आलेल्या कंगव्याला तिचे मुख्य काम साधत नाही, ही गोष्ट शाळेतून एखादी मुलगी डोके खाजवत घरी येते त्या दिवशी एकदम ध्यानात येते. कंगवा गुंता सोडवतो. उवा काढते ती फणी. चार बोटे रुंद, दोन्ही कडांना दाते, एका बाजूचे किंचित विरळ आणि दुसऱ्या बाजूचे इतके दाट की उजेडाकडे धरल्याखेरीज त्यांतील फट दिसू नये, असे तिचे रूप असते.

माझ्या आजोळी रविवारची दुपार या कामाला नेमलेली असे. ओटीवर उजेडाच्या बाजूला आजी बसे, मांडीवर जुन्या धोतराचे पांढरे फडके पसरी, मुलीच्या केसांना खोबरेल चोपडी आणि प्रथम विरळ, मग दाट बाजूने, मानेकडून टाळूकडे, केसांच्या मुळापासून टोकापर्यंत न उचलता फणी ओढी. दाट दातांच्या मुळाशी तिने पांढरा दोरा नागमोडी ओवून घट्ट बांधलेला असे, म्हणजे उरलीसुरली फटही बुजे आणि केसाला चिकटलेली लीख त्या दोऱ्याला अडून खाली येई. फडक्यावर पडलेली ऊ दोन अंगठ्यांच्या नखांत सापडली की बारीकसा 'टच्' आवाज होई, आणि तो ऐकायला आम्ही मुले माना पुढे करून बसत असू.

या प्राण्याची नावेदेखील फणीइतकीच जुन्या घराण्यातली आहेत. संस्कृत 'यूका' प्राकृतातून झिजत झिजत मराठीत 'ऊ' एवढ्या एका अक्षरावर आली, आणि 'लिक्षे'ची 'लीख' झाली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मोजमापाचे जे कोष्टक आहे त्यात आठ लिक्षांची एक यूका, आठ यूकांचा एक यवमध्य आणि आठ यवमध्यांचे एक अंगुल असा हिशेब मांडलेला आहे. राज्यकारभाराच्या दप्तरात सूक्ष्माचे माप म्हणून ज्या जीवाची योजना झाली, तो त्या काळी सर्वांच्या किती नित्य परिचयाचा असला पाहिजे! अंगुल पाऊण इंचाचे धरले तर ही यूका एका मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास भरते, आणि चांगल्या फणीच्या दोन दातांमधले अंतरही जवळजवळ तेवढेच असते.

खुद्द फणीचे वय किती, याची साक्ष देणारी सर्वांत बोलकी वस्तू इस्रायलमधील लाखीश या प्राचीन नगराच्या उत्खननात 2016 साली हाती आली. साडेतीन सेंटिमीटर लांबीची ती हस्तिदंती फणी. एका बाजूस सहा जाड दाते, दुसऱ्या बाजूस चौदा बारीक, आणि पृष्ठावर कनानी लिपीतील सतरा सूक्ष्म अक्षरे, जी काही वर्षे कोणाच्याच नजरेस आली नाहीत. 2022 साली ती वाचून प्रसिद्ध झाली तेव्हा कळले की केसांतील व दाढीतील उवांचे या दंताने निर्मूलन व्हावे, अशी ती प्रार्थना आहे. इसवी सनापूर्वी 1700च्या सुमारास कोरलेले हे वाक्य त्या लिपीतील आजवर सापडलेले सर्वांत जुने पूर्ण वाक्य मानले जाते. म्हणजे वर्णमालेच्या अक्षरांनी लिहावयास शिकलेल्या माणसाचा जो पहिला संपूर्ण उद्गार आपल्यापर्यंत पोचला तो कोण्या राजाच्या विजयाचा नव्हे, तर एका खाजणाऱ्या डोक्याचा आहे, आणि मला ही गोष्ट फार हृद्य वाटते. त्याच मुलखातील मसादा आणि कुमरान येथील रोमन काळच्या लाकडी फण्यांच्या दातांत तर प्रत्यक्ष उवा आणि लिखा अडकलेल्या सापडल्या आहेत.

आपल्याकडील पुरावा ग्रंथांतून येतो. अथर्ववेदाच्या विवाहसूक्तात वधूच्या मस्तकावरील मळ खरवडून काढणाऱ्या शंभर दातांच्या, हाताने घडविलेल्या कंकताचा उल्लेख आहे. त्या 'कंकता'चा आपला कंगवा झाला. 'फणी' हा शब्द मात्र नागाच्या फणेचा सोयरा, आणि केळ्यांच्या फणीत व विणकराच्या मागावरील फणीत हाच पसरट, दातेरी आकार ओळखू येतो. पाली विनयपिटकातील चुल्लवग्गात भिक्षूंनी ज्या साधनांनी केस चापूनचोपून बसवू नयेत त्यांची यादी आहे. तीत 'फणक' तर आहेच, पण 'हत्थफणक' म्हणजे बोटांचीच केलेली फणीही आहे.

या सर्वांहून महत्त्वाचे वचन मला चरकसंहितेत आढळते. विमानस्थानात कृमींच्या चिकित्सेचे पहिले अंग 'अपकर्षण' सांगितले आहे, म्हणजे कृमी हाताने किंवा उपकरणाने ओढून काढणे. आणि मळापासून होणाऱ्या यूकांना तर हे अपकर्षण व स्वच्छता हाच उपाय नेमून दिला आहे. फणीचे सारे शास्त्र या एका शब्दात आलेले आहे.

जैन परंपरेत मात्र याच जीवाची दुसरी बाजू घेतलेली दिसते. मेरुतुंगाच्या प्रबंधचिंतामणीत कथा आहे की गुजरातचा राजा कुमारपाल याने एका धनिकाची, त्याने ऊ मारली म्हणून, दौलत जप्त केली आणि त्या द्रव्यातून अणहिलपट्टणात 'यूकाविहार' नावाचे मंदिर बांधविले.

फणी घडविणे हे हुन्नराचे काम होते. लाकडाची फणी केली तर दाते लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच पाडावे लागत, आडवे पाडले की पहिल्याच गुंत्यात मोडत. शिंगाची करावयाची तर शिंग शेकून मऊ करून, दाबून सपाट करावे लागे आणि मग एकेक दात करवतीने सोडवावा लागे. सुया, पोत, दाभण यांच्याबरोबर या फण्या भटक्या बायकांच्या टोपलीतून दारोदार येत. साच्यातून ओतलेले प्लास्टिक आले तेव्हा वस्तू स्वस्त झाली, परंतु दाते लवू लागले, आणि लवणाऱ्या दातांमधून ऊ सहज निसटते.

औषधांची वहिवाटही पुष्कळ, पण तिच्यावर भरवसा ठेवताना जपावे. सीताफळाच्या बियांची पूड आपण आजीबाईचा पुरातन उपाय समजतो. वस्तुतः ते झाड अमेरिकेतून आलेले, आणि ती पूड डोळ्यांत गेली तर बुबुळाला गंभीर इजा होते. रॉकेल चोळल्याने पोरे भाजली आहेत. दुसऱ्या महायुद्धात नेपल्समध्ये अंगावरच्या उवांवर, त्यांच्यामुळे पसरणारा टायफस आवरण्यासाठी, डीडीटीची पूड फवारली गेली. पुढे आलेल्या परमेथ्रिनसारख्या औषधांना डोक्यातील उवा अनेक देशांत दाद देईनाशा झाल्या. 2005 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 126 मुलांवरील एक तुलना प्रसिद्ध झाली: ओल्या केसांतून बारीक दात्यांची फणी फिरवण्याने शेकडा 57 मुले मोकळी झाली, दुकानातील औषधाने शेकडा 13. चरकाच्या अपकर्षणाला मिळालेली ही दाद वाचून मला आजीची आठवण झाली.

काम मात्र चिकाटीचे आहे. लीख फुटायला सात ते दहा दिवस लागतात आणि पिल्लू अंडी घालण्याजोगे व्हायला आणखी नऊ ते बारा; म्हणून एकदा विंचरून भागत नाही, दर तीन-चार दिवसांनी निदान दोन आठवडे, आणि घरातील सर्वांची डोकी त्याच मुदतीत तपासावी लागतात. घर धुऊन काढण्याची, धुरी देण्याची गरज नाही; डोक्यावरून पडलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते. उशांचे अभ्रे, टोप्या आणि फणी कडक पाण्यातून काढली की पुरे. ऊ उडी मारत नाही, मुख्यतः डोक्याला डोके लागल्याने ती जाते, आणि न्हालेल्या डोक्यातही ती तितक्याच सुखाने राहते. हे ठाऊक नसल्यामुळे आमच्या आळीतील एका नऊ वर्षांच्या मुलीचे गुडघ्यापर्यंतचे केस एका सकाळी कातरून टाकले गेले आणि ती महिनाभर डोक्याला रुमाल बांधून, वर्गात मागच्या बाकावर एकटी बसली. तिच्या केसांना आठ दुपारींची फणी पुरली असती.

हरतालिकेच्या वाणात करंड्याशेजारी ठेवायला अजून एक फणी मिळते, बोटभर लांबीची, रंगीत, जिच्या दातांतून केस जातच नाही. आजीची शिसवी फणी मात्र तिच्या पेटीतून माझ्याकडे आली आहे. दाट बाजूचे दोन दाते मोडले आहेत, आणि मुळाशी ओवलेला दोरा तेलाने काळा पडून लाकडात बसून गेला आहे.