त्वचारोग आणि पथ्य

त्वचेचा चिवट विकार घरांत कोणास जडला कीं औषधाच्या बाटलीआधीं पथ्याची यादी येते, ही महाराष्ट्राची फार जुनी रीत आहे. वांगें वर्ज्य, दहीं वर्ज्य, मासळी वर्ज्य, आंबट वर्ज्य, कधीं कधीं मीठहि वर्ज्य! वडील मंडळी ही यादी सांगतात, शेजारीपाजारी तींत भर घालतात, आणि रोग्याचें ताट दिवसेंदिवस रिकामें होत जातें. या यादीचा उगम कोठें आहे, तिच्यांत तथ्य किती आणि रूढीनें चिकटलेलें किती, हें पाहावयाचें तर प्राचीन वैद्यकापासून आरंभ करावा लागतो.

येथें प्रस्तुत आहे तो मुख्यतः सोरायसिस हा रोग. कोंपर, गुडघे, पाठ, डोकें अशा ठिकाणीं लाल चट्टे उठतात व त्यांवर रुपेरी खपले धरतात. निरोगी त्वचेच्या पेशी तयार होऊन गळून पडण्यास सुमारें एक महिना लागतो; या रोगांत तेंच चक्र थोड्याच दिवसांत पुरें होतें. शरीराचें रक्षण करणारी यंत्रणाच येथें भडकलेली असते. रोग स्पर्शानें पसरत नाहीं. तो समूळ बरा होत नाहीं, परंतु योग्य उपचारांनीं पुष्कळ आटोक्यांत राहतो.

चरकसंहितेंत त्वचेच्या विकारांना ‘कुष्ठ’ असें एकच व्यापक नांव आहे. सात महाकुष्ठें व अकरा क्षुद्रकुष्ठें असे त्यांचे अठरा प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकीं एककुष्ठाचें वर्णन असें आहे कीं, त्या जागीं घाम येत नाहीं, तें शरीराचा मोठा भाग व्यापतें आणि माशाच्या खवल्यांसारखें दिसतें. सोरायसिसशीं त्याचें साम्य अनेक वैद्यांनीं दाखविलें आहे. कारणांच्या गणतींत आहाराला मोठें स्थान आहे. परस्परविरुद्ध अन्न, जड व स्निग्ध पदार्थ, नवें धान्य, दहीं, मासे, मीठ, आंबट, उडीद, मुळा, तीळ, दूध, गूळ हे सारे पदार्थ तेथें आढळतात. त्याच ओळींत पापकर्म व गुरुजनांचा अवमान हींहि कारणें आहेत. घरोघरच्या यादीचें मूळ येथें सांपडतें. आणि रोग्याकडे दोषी म्हणून पाहण्याच्या वृत्तीला आधारहि येथेंच मिळाला.

विरुद्ध अन्नाविषयीं याच ग्रंथाच्या सूत्रस्थानांत एक लहानसा वाद आहे. चिलिचिम नांवाचा एक मासा सोडून बाकीचे मासे दुधाबरोबर खाण्यास हरकत नाहीं, असें मत भद्रकाप्य मांडतो. आत्रेय तें खोडून काढतात: कोणताच मासा दुधाबरोबर खाऊं नये, आणि चिलिचिम तर विशेषेंकरून नाहीं. दूध आणि मासळी यांचें वैर आज शहरांतील घरांतहि पाळलें जातें, तें असें ऋषींच्या सभेंतून आलेलें आहे.

परंतु त्याच अध्यायांत पुढें एक अपवाद आहे, आणि तो फार मोलाचा आहे. ज्याला एखादें अन्न संवयीचें झालें आहे, जो तें थोडें खातो, ज्याचा जठराग्नि प्रखर आहे, जो तरुण आहे, जो व्यायामानें बळकट झाला आहे, त्याला विरुद्ध अन्नहि बाधत नाहीं, असें तेथें स्पष्ट म्हटलें आहे. म्हणजे पदार्थाइतकेंच महत्त्व प्रमाणाला, संवयीला आणि खाणाराच्या शरीराला दिलेलें आहे.

ही विद्या महाराष्ट्रानें निष्ठेनें जपली. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि यानें तेराव्या शतकांत वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत तंजावरच्या भोसले दरबाराशीं संबंध असलेल्या रघुनाथ पंडितांनीं ‘भोजनकुतूहल’ नांवाचा ग्रंथ रचला व त्यांत नानाविध अन्नांचे गुणदोष वर्णिले. पुण्याच्या भांडारकर संस्थेंतील परशुराम कृष्ण गोडे यांनीं त्या ग्रंथाकडे विद्वानांचें लक्ष वेधलें. डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनीं १८८० सालीं मुंबईंत अष्टांगहृदयाची सटीक आवृत्ति काढली, आणि हेमाद्रीच्या टीकेसह तोच ग्रंथ निर्णयसागर छापखान्यानें १९३९ सालीं छापला. ग्रंथ टिकले, छापले गेले. त्यांतील निषेधांची यादी तोंडोतोंडीं स्वयंपाकघरापर्यंत पोहोंचली. अपवाद मात्र बहुधा ग्रंथांतच राहिला.

नांवानेंहि एक अनर्थ केला. ‘कुष्ठ’ हा शब्द पुढें महारोगासाठीं रूढ झाला, आणि खपल्यांचा कोणताहि रोग पाहून लोक दचकूं लागले. युरोपांतहि निराळी स्थिति नव्हती. लंडनच्या रॉबर्ट विलन यानें १८०८ सालीं या रोगाचें बारकाईनें वर्णन केलें, पण त्याच्या एका प्रकारास ‘लेप्रा’ हेंच नांव ठेविलें. व्हिएन्नाच्या फर्डिनांड हेब्रा यानें १८४१ सालीं तें नांव दूर करून दोन्ही रूपें सोरायसिस या एका नांवाखालीं आणलीं. महारोगाचा जंतु हान्सेन यानें नॉर्वेंत १८७३ सालीं शोधला, तेव्हां दोन रोगांमधील भेद निःसंशय ठरला. लोकांच्या मनांतून ती सरमिसळ गेली असें मात्र आजहि म्हणवत नाहीं.

त्याच सुमारास उपचाराचें लक्ष पोटावरून कातडीकडे वळलें, आणि त्यांत गोव्याचें नांव आलें. ब्राझीलमधील एका झाडापासून निघणारी पूड पोर्तुगीजांच्या व्यापारांतून गोव्यास येई व मुंबईकडे नायट्यावर वापरली जाई. ‘गोवा पावडर’ म्हणून ती इंग्लंडांत पोहोंचली आणि १८७० नंतरच्या दशकांत लंडनच्या बाल्मॅनो स्क्वायर यानें ती सोरायसिसवर लावून पाहिली. पथ्यावांचून, नुसत्या लेपानें चट्टे ओसरतात, हें दिसून आलें.

तरीहि आहाराचा प्रश्न मिटला नाहीं. न्यूयॉर्कच्या बल्कली यानें शाकाहाराचा पुरस्कार केला. फिलाडेल्फियाच्या शॅम्बर्ग यानें १९१३ सालीं प्रथिनें कमी करण्याचा उपाय सांगितला. मांसाहार हेंच मूळ असतें तर शाकाहारी घरांत हा रोग दिसतां ना. पण तेथेंहि तो आहेच. दुसऱ्या महायुद्धांतील उपासमारीच्या छावण्यांत सोरायसिसचें काय झालें याविषयींचीं निरीक्षणें डच वैद्य सिमन्स यांनीं १९४९ सालीं प्रसिद्ध केलीं, आणि अन्नाचें एकूण प्रमाण हा विचार पुढें आला.

खरी प्रगति झाली ती तुलना करून मोजण्याची पद्धत आल्यावर. माशाच्या तेलाचा मोठा बोलबाला होता. नॉर्वेंत १४५ रोग्यांना चार महिने माशाचें किंवा मक्याचें तेल देऊन १९९३ सालीं निष्कर्ष छापला गेला. दोन्ही गटांत फरक आढळला नाहीं. डेन्मार्कमध्यें ६० स्थूल रोग्यांपैकीं अर्ध्यांना सोळा आठवडे अल्पाहारावर ठेविलें. २०१३ सालच्या त्या अहवालाप्रमाणें त्यांचें वजन दुसऱ्या गटापेक्षां सरासरी १५.४ किलोंनीं अधिक घटलें. चट्ट्यांतहि सुधारणा दिसली, जरी ती आंकडेशास्त्राच्या कसोटीस किंचित् उणी पडली; रोग्यांचें रोजचें जगणें मात्र निश्चित सुसह्य झालें. अमेरिकेच्या राष्ट्रीय सोरायसिस प्रतिष्ठानाच्या वैद्यक मंडळानें २०१८ सालीं सर्व पुरावा तपासून सांगितलें कीं, वजन प्रमाणाबाहेर असेल तर तें उतरवावें. गव्हांतील ग्लूटेन सरसकट सोडूं नये, रक्ततपासणींत त्याची असहिष्णुता दिसली तरच सोडावें. आणि आहार हा औषधाचा सहायक समजावा, औषधाची जागा त्यास देऊं नये.

या निष्कर्षांशेजारीं चरकाचा तो अपवाद ठेवून पाहावा. थोडें खाणें, पचनाचें बळ, व्यायाम या तीन गोष्टींकडे जुन्या आचार्यानें बोट दाखविलें होतें. त्याला रोगाचें आजचें शास्त्र ठाऊक नव्हतें, आणि त्याच्या यादींतील पुष्कळ पदार्थ आज दोषमुक्त ठरतात; पण खाणाराचें शरीर पाहिल्याशिवाय अन्नाचा न्याय करूं नये, ही त्याची दृष्टि शाबूत आहे.

आजच्या महाराष्ट्रांत या गोष्टीचें मर्म पाहावयाचें तर पुण्यालगतच्या मुळशी तालुक्यांतील माण या गांवाकडे पाहावें. मुळशी हा भाताचा मुलूख. येथील आंबेमोहोर तांदूळ प्रसिद्ध, आणि त्याची पेज आजाऱ्याचें अन्न म्हणून नांवाजलेली. हिंजवडीच्या संगणक उद्योगाचा विस्तार या माणच्या शिवारापर्यंत आला. जेथें चिखलांत वांकून लावणी होई, तेथें दिवसभर खुर्चीवर बसून काम चालतें. तांदूळ तोच असला तरी तो जिरविणारे कष्ट गेले. अशा ठिकाणीं कोणता पदार्थ बंद करावा या प्रश्नापेक्षां किती खावें आणि किती चालावें हा प्रश्न मोठा आहे.

पथ्याच्या नांवाखालीं दूध, डाळी, भाज्या एकामागून एक बंद होतात आणि रोगी अशक्त होतो. घरांतली सून किंवा उपवर मुलगी असेल तर तिच्या ताटावर सर्वांची नजर असते, आणि चट्टे वाढले कीं तिनें कांहीं चोरून खाल्लें असा संशय येतो. कोणी पथ्यावर विसंबून औषध टाकतो व रोग सांध्यांपर्यंत गेल्यावर वैद्याकडे धांवतो. हें सारें टळण्याजोगें आहे. वजन आटोक्यांत असावें, मद्य व तंबाखू वर्ज्य करावीं, साधें चौरस अन्न पोटभर पण बेतानें खावें, एखादा पदार्थ खरोखरच बाधतो असा अनुभव असेल तर वैद्याच्या सल्ल्यानें तेवढाच सोडावा, आणि औषध चालू ठेवावें, एवढें पथ्य पुरेसें आहे. त्यापलीकडे रोग्यास घरच्यांबरोबर, एकाच पंक्तींत, एकाच भांड्यांतलें जेवण मिळावें. या रोगांत त्याला कोणत्याहि शास्त्राची हरकत नाहीं.