मावळ्यांचे रंग

दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे मुळात कुंभाराच्या घरचे. पणत्यांच्याच मातीचे, साच्यात दाबून काढलेले, चार-सहा बोटांचे. पुण्यात कसबा पेठेतला कुंभारवाडा त्यांच्यासाठी ओळखला जातो.

रंगकामाचा क्रम गणपतीच्या मूर्तीचाच. आधी खडीचा पांढरा हात. तो नसेल तर तांबड्या मातीवर प्रत्येक रंग मळकट दिसतो. मग सरसाच्या किंवा डिंकाच्या पाण्यात कालवलेले गेरू, पिवडी, नीळ, काजळी. अंगरखा, शेला, मुंडासे सपाट रंगांनी भरायचे. हे काम पोरांनाही जमते. शेवटची आखणी, म्हणजे भुवया, डोळे, मिशा, ही मात्र मुरलेल्या हाताचीच. मिशीचे टोक जरा खाली उतरले, की लढवय्या रडवेला होतो.

कोणत्या शिपायाला कोणता रंग, हा प्रश्न इथे फारसा पडलाच नाही. लंडनच्या विल्यम ब्रिटन कंपनीने 1893 पासून शिशाचे पोकळ शिपाई ओतले, ते पलटणीच्या गणवेशाबरहुकूम रंगवलेले. तिथे कॉलरचा रंग चुकला तर शिपाईच चुकला. शिवकाळातल्या पायदळाला एकसारखा गणवेश नव्हता. त्यामुळे वाडग्यात उरलेला रंग मुंडाशाला लागला, तरी इतिहासाचे काही बिघडत नव्हते.

छटांचेही तसेच. एवढ्याशा पुतळ्याच्या चुण्यांची सावली नीट पडत नाही, म्हणून युरोपातले हौशी रंगारी खोलगट भागात पातळ गडद रंग सोडतात आणि उंचवट्यांवर फिका रंग घासतात. मावळ्याला ही सावली पायाशी ठेवलेली पणती देई. पुढे प्लास्टर ऑफ पॅरिस, ऑइलपेंट आणि कॉम्प्रेसरचा फवारा आला; गाल गुलाबी झाले, चुण्या काळवंडल्या. दिवसा दुकानात ते छान दिसते. पणतीच्या उजेडात जुना सपाट मावळाच अधिक जिवंत वाटतो. एक मात्र खरे, सरसाचा रंग अवकाळी सरीत धुऊन जाई, ऑइलपेंट टिकतो.

पूर्व विदर्भात सिंदेवाहीकडे, झाडीपट्टीत, पोरांचे रंगीत खेळणे म्हणजे मावळ्यापेक्षा तान्ह्या पोळ्याचा चाकांवरचा लाकडी नंदी. त्यालाही छटा नाहीत: अंग एका रंगाचे, शिंगे दुसऱ्या, झूल तिसऱ्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तो दोरीने ओढत पोरे बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत घरोघर फिरतात. चाकांशी आणि खुरांशी खरवडलेला रंग पुढच्या पोळ्याआधी पुन्हा चढवला जातो.