वसईचे रॉड्रिग्ज

मंडळी, पांडुरंग महादेव बापट हे नाव मुळशीत कुणाला सांगायला नको. 1921 साली इथं धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला, बापट त्याचे पुढारी झाले आणि लोक त्यांना ‘सेनापती’ म्हणू लागले. नावातला ‘महादेव’ म्हणजे त्यांचे वडील, हे शाळेतलं पोरही सांगेल.

आता गुरुजी, उद्या तुमच्या हजेरीपटावर वसईकडचा एखादा रॉड्रिग्ज आला तर? मुलं म्हणतील, नाव इंग्रजी. तसं नव्हे. तेही बापाचंच नाव आहे, आणि ते पोर्तुगीज आहे. शेवटचा तुकडा म्हणजे आपला ‘चा’. रोद्रिगोचा मुलगा तो रॉड्रिग्ज.

मग हा रोद्रिगो कोण? हे नाव मुळात पोर्तुगीजांचंही नव्हे. इंग्रजी-जर्मन ज्या कुळातल्या भाषा, त्याच कुळातली गॉथ लोकांची बोली. हे गॉथ पाचव्या शतकात स्पेनकडे उतरले व तिथं राज्य करू लागले. त्यांच्या बोलीत नावाचा पहिला भाग म्हणजे कीर्ती, दुसरा म्हणजे सत्ताधीश. एकूण कीर्तिराज! हा दुसरा भाग आणि आपला ‘राजा’ एकाच जुन्या मुळाचे. पहिल्याचं नातं भाषापंडित आपल्या ‘कीर्ती’शी जोडतात. आपण यशवंतराव म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. याच नावाचा गॉथ राजा 711 साली उत्तर आफ्रिकेतून आलेल्या फौजेपुढे हरला. राज्य बुडालं, नाव मात्र लोकांनी टाकलं नाही.

1534 साली गुजरातच्या बहादूरशहानं तह करून वसई पोर्तुगीजांना दिली. पुढं ज्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांना पाद्र्यांची, धर्मपित्यांची आडनावं मिळाली. असा हा कीर्तिराज केळीच्या आणि पानवेलीच्या वाडीत येऊन पोचला. घोन्साल्विस, फर्नांडिस हेही याच वाटेनं आलेले.

1739 साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि पोर्तुगीज गेले. आडनावं राहिली. त्या घरांत आजही सामवेदी, वाडवळी अशा मराठीच्याच बोली कानी पडतात. 2020 साली उस्मानाबादेस, म्हणजे आजच्या धाराशिवात, साहित्य संमेलन भरलं. त्याचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईचेच. आणि गंमत अशी, की ‘फ्रान्सिस’ हे नावही फ्रँक नावाच्या जुन्या जर्मन टोळीवरून आलेलं आहे.