बोट कुठून घ्यायची?

बरेच दिवसांनी इथे लिहितोय. निमित्त मोठ्या आईचं, आणि थोडंसं आमच्या पुण्याच्या भावाचं.

हा भाऊ दिवाळीत अलेप्पीला जाऊन आला आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात हाउसबोट घुसली आहे. परवा फोनवर म्हणाला, "उन्हाळ्यात सगळे भंडाऱ्याला जमतोच आहोत, तर दोन दिवस बोट भाड्याने घेऊ. बेटं बेटं फिरू." मी हसलो. भंडाऱ्यात तलाव मोजावे तेवढे, पण बेटं? मग लक्षात आलं, आहेत की! गोसीखुर्दच्या पाण्यात टेकड्यांची डोकी वर राहिली आहेत, बुडालेल्या गावांच्या उंचवट्याच्या जागा पाणी उतरलं की उघड्या पडतात. त्यातला एक उंचवटा आमचा आहे. मोठी आई लग्न होऊन त्याच गावात आली होती.

तर प्रश्न एवढाच, की बोट कुठून घ्यायची.

पवनी यादीतून पहिल्या फटक्यात गेली, कारण ती धरणाच्या खालच्या अंगाला आहे. (भावाला नकाशा काढून दाखवावा लागला. पवनीला जायचं ते १९६९-७० च्या उत्खननात सापडलेल्या स्तूपाच्या जागा बघायला.) राहिलं आंभोरा, आणि राहिला आमच्या बाजूचा जुना घाट, जिथे आता दोनचार मासेमारीच्या नावा असतात.

घाट निवडायची सोय आपल्याकडे तशी नवीनच. इंग्रजांनी १८७८ साली उत्तर हिंदुस्थानातल्या नावांसाठी एक कायदा केला, तो मध्य प्रांतालाही लागू होता, म्हणजे भंडाऱ्यालाही. सरकारी घाटाचा लिलाव व्हायचा, घेणारा उतारूंकडून पैसे वसूल करायचा. आणि त्या घाटाच्या हद्दीपासून दोन मैलांच्या आत परवानगीशिवाय दुसऱ्या कुणी नाव चालवायची नाही! म्हणजे बघा, पिढ्यान्‌पिढ्या डोंगा चालवणारा ढिवर आणि नदी त्याच्या दारात, पण पैलतीर लिलाव घेणाऱ्याचा. मला हे कळलं तेव्हा आजोबांच्या बोलण्यातला "घाट कोणाकडे आहे यंदा?" हा प्रश्न उलगडला. तोवर मला वाटायचं घाट म्हणजे पायऱ्या.

त्याच सुमारास साहेबाला या पाण्यावर मोठ्या बोटीही हव्या होत्या. गोदावरीतून वर प्राणहिता, तिथून वर्धा-वैनगंगेकडे जलमार्ग करायचा आणि वऱ्हाडचा कापूस पूर्व किनाऱ्यावर न्यायचा, असा आर्थर कॉटनचा बेत. खडकाळ टप्प्यांवर वर्षानुवर्षं काम झालं. पण १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि १८७१ मध्ये जलमार्गाचं काम सोडून दिलं गेलं. नाहीतर आमचा भाऊ आज बोट कुठून घ्यायची हे विचारत बसला नसता :)

केरळचं नशीब वेगळं. ज्या हाउसबोटीवर भाऊ फिदा आहे ती मूळची भात वाहून नेणारी केट्टुवल्लम, काथ्याने बांधलेली. रस्ते झाले, तिचं काम गेलं आणि १९९० च्या सुमारास तिच्यावर खोल्या चढल्या. भात आपल्याकडेही आहे, किंबहुना भातच आहे. पण आपला डोंगा माणसं आणि जाळी वाहणारा. त्याच्यावर खोली कुठे चढवणार?

आणि मग धरण आलं. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन, तेव्हाचा अंदाज ३७२ कोटींचा. २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्प झाला, खर्च हजारो कोटींत गेला. पाणी टप्प्याटप्प्याने चढवलं, पूर्ण पातळी २४५.५ मीटर. नागपूर-भंडाऱ्यातली ऐंशीच्या वर गावं त्यात गेली. धरणाने कालवे दिले हे खरं, शेतकऱ्याच्या पोराने ते नाकारू नये. पण मोठ्या आईपुढे मी हे वाक्य कधी बोललेलो नाही.

आंभोऱ्याची बाजू भक्कम आहे. संगम आहे, टेकडीवर चैतन्येश्वर आहे, मुकुंदराजांशी जोडलेली जागा आहे (अंबेजोगाईकरांनी रागावू नये). जानेवारी २०२४ मध्ये तिथला मोठा पूल सुरू झाला, वर काचेची गॅलरी. आधी नावेतून पैलतीर गाठणारी माणसं आता गाडीने भुर्रकन जातात. त्याच महिन्यात खाली गडचिरोलीच्या चामोर्शी तालुक्यात मिरची तोडायला निघालेल्या बायकांची नाव याच वैनगंगेत उलटली आणि सहा जणी गेल्या. म्हणून मी घरात आधीच सांगून टाकलं, घाट कुठलाही असो, लाइफ जॅकेटशिवाय कुणी पाय ठेवायचा नाही.

आंभोऱ्याला फोन केला. भाडं, वेळ, सगळं नीट सांगितलं. पण आमच्या गावाच्या जागेपर्यंत? तिकडे नाही नेत म्हणाले.

मग जुन्या घाटावर गेलो. तिथल्या काकाजींनी कारण सांगितलं. "झाडं उभी आहेत जी पाण्यात. वरून दिसत नाही. पंखा अडकला म्हणजे झालं." कुठे आंबराई होती, कुठे विहीर, कुठून नाव न्यायची, हे त्यांना पाठ आहे, कारण पूर्वी ते तिथून चालत जायचे. त्यांचंही गाव तेच. हे कुठल्या नकाशात मिळणार?

ठरलं तर. फक्त कधी, यावर घरात भांडण. जानेवारीत हवा छान, पण पाणी चढलेलं, उंचवटा बुडालेला. एप्रिल-मेमध्ये तो वर येतो, पण तेव्हा पाणी कमी आणि नागपूरची सगळी घाण नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून इथे. वास येतो, खोटं कशाला बोलू. भाऊ म्हणाला, जानेवारीतच जाऊ, वरून बघू.

मोठी आई इतका वेळ तांदूळ निवडत होती. म्हणाली, "वरून काय बघू बाबू? मले पांढरीवर उभं राहाचं आहे."

मेचा पहिला आठवडा ठरला आहे. काकाजी म्हणतात, पहाटे साडेपाचला निघा, वारा सुटायच्या आत परत. जॅकेट नऊ लागतील, त्यांच्याकडे चार आहेत, उरलेली मी नागपूरहून आणतोय. भावाने काल पुन्हा विचारलं, बोटीवर बाथरूम आहे का.