शीतनजलातील जैवलेप-नियंत्रण
शीतनासाठी वापरलेल्या पाण्यातील सूक्ष्मजीव नळ्यांच्या आतील पृष्ठभागास चिकटून जो बुळबुळीत थर तयार करतात, त्यास जैवपटल म्हणतात. हा थर उष्णतेचे वहन रोखतो व त्याखाली धातू गंजतो. तेच पाणी शीतन मनोऱ्यातून पुनःपुन्हा फिरते तेथे बाष्पीभवनाने पोषकद्रव्ये साठून ही वाढ फोफावते. चेन्नईच्या दक्षिणेस सुमारे ७० किमी. अंतरावरील कल्पाक्कम येथील मद्रास अणुऊर्जा केंद्रात मात्र समुद्राचे पाणी एकदाच वापरून सोडले जाते आणि ते समुद्रतळाखालील ४६८ मी. लांबीच्या बोगद्यातून येत असल्याने जैवपटलाबरोबरच शिनाणीचाही (हिरव्या द्विपुटी शिंपल्याचा) मोठा उपद्रव होतो. पाण्यात क्लोरीन सोडल्यावर त्यातील ब्रोमाइडमुळे हायपोब्रोमस आम्ल बनते व तेच प्रत्यक्ष जंतुनाशकाचे काम करते. परंतु शिनाणी शिंपा घट्ट मिटून दीर्घकाळ तग धरते, म्हणून अधूनमधून दिलेल्या मोठ्या मात्रेपेक्षा अल्प पण अखंड मात्रा तिच्यावर अधिक परिणामकारक ठरते.