फंडातून पेन्शन : नाशिकच्या कामगाराचा हिशेब

नाशिकमध्ये ‘पेन्शनर’ म्हटले की बराच काळ नाशिकरोडच आठवे. तिथली सिक्युरिटी प्रेस सरकारी खात्याची होती, आणि रेल्वेने १९५७ सालीच आपल्या नोकरांना फंडाऐवजी पेन्शनचा पर्याय दिला होता. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या कामगाराला १९५२ च्या कायद्याने मिळाला तो भविष्य निर्वाह निधी, त्याच्या बोलीतला ‘फंड’. निवृत्तीच्या वेळी तो एकरकमी हाती यायचा आणि घरात, मुलीच्या लग्नात जिरायचा. याला उधळपट्टी म्हणणे सोपे आहे. पण डोक्यावर छप्पर नसताना पेन्शन मोजत बसणे किती जणांना परवडले असते?

१९७१ ची कुटुंब निवृत्तिवेतन योजना होती, पण तिचे मासिक वेतन नोकरीत असताना मृत्यू आला तर मागे राहिलेल्यांना. जिवंतपणी निवृत्त होणाऱ्याला दरमहाची पेन्शन मिळू लागली ती १६ नोव्हेंबर १९९५ पासून. तिच्यासाठी पैसा आला तो मुख्यतः कामगाराच्याच पुंजीतून. १९७१ च्या योजनेतली शिल्लक नव्या निधीत वळवली गेली, आणि फंडात जाणाऱ्या मालकाच्या हिश्श्यातले ८.३३ टक्के तिकडे जाऊ लागले. सरकारची भर १.१६ टक्क्यांची. अनेक कामगार संघटनांनी विरोध केला तो याचसाठी: आमचाच फंड कापून आम्हालाच पेन्शन!

खरी मेख पगाराच्या मर्यादेत होती. पेन्शनचे सूत्र असे: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. नोव्हेंबर १९९५ नंतरची १८ वर्षे भरून २०१३ अखेर निवृत्त झालेला कामगार घ्या. त्याचा पगार २८,००० असला तरी मर्यादा ६,५०० ची. म्हणून त्या सेवेची पेन्शन १,६७१ रुपये. पूर्ण पगार धरला असता तर ७,२०० झाली असती. १९९६ च्या दुरुस्तीने पूर्ण पगारावर वर्गणी भरण्याची मुभा दिली होती, पण त्यासाठी मालक आणि कामगार दोघांनी मिळून पर्याय द्यावा लागे. हा कागद भरायचा असतो, हे कारखान्याच्या फाटकापर्यंत फारसे पोहोचलेच नाही.

हिमाचल पर्यटन महामंडळाच्या निवृत्तांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली, या पर्यायाला अंतिम तारीख नाही, असे म्हटले. फंडातली फरकाची रक्कम व्याजासह परत करा आणि वाढीव पेन्शन घ्या, असा मार्ग खुला झाला. मात्र ४ नोव्हेंबर २०२२ च्या निकालाने १ सप्टेंबर २०१४ पूर्वी पर्याय न देता निवृत्त झालेल्यांना वगळले. वरच्या उदाहरणातला कामगार त्यातच बसतो.

त्यानंतर निवृत्त झालेल्यांपुढे वेगळाच पेच होता. अर्जाची मुदत वाढत वाढत ११ जुलै २०२३ पर्यंत गेली. तोवर अनेकांचा फंड मुदतठेवीत किंवा मुलाच्या फ्लॅटमध्ये गेलेला. काही लाख परत भरायचे, तर ठेव मोडावी लागणार. आपल्यामागे पत्नीला साधारण निम्मी पेन्शन मिळेल, पण भरलेले भांडवल वारसांकडे परत येणार नाही. ते परत घेण्याची जुनी सोय २००८ मध्येच काढून टाकली गेली होती.