पेटीतलं पुस्तक आणि रद्दीचा तराजू

भाकरी थापता थापता ऐकत असाल तर थापत राहा, आजची गोष्ट कामात ऐकण्यासारखीच आहे. गोष्ट आहे जुन्या पुस्तकांची.

आमच्या गटांनी मिळून समाजमंदिराच्या एका खोलीत वाचनकट्टा सुरू करायचं ठरवलं. प्रत्येक गटाने थोडे थोडे पैसे काढले, पण नवी पुस्तकं घ्यायची म्हटलं तर एका पिशवीतच ते संपले असते. म्हणून आम्ही चौघीजणी सकाळच्या एसटीने पुण्याला गेलो, अप्पा बळवंत चौकात. पेशवाईतले सरदार अप्पा बळवंत मेहेंदळे यांच्या नावाचा हा चौक आज पुस्तकांच्या दुकानांसाठी ओळखला जातो. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली मुलींची शाळा काढली त्या भिडे वाड्याची जागाही इथून चालत जाण्याच्या अंतरावर.

जुन्या पुस्तकांच्या एका लहानशा दुकानात आम्ही अकरा वाजता शिरलो आणि निघालो चार वाजता. पुस्तकं निवडायला एवढा वेळ लागला नाही. गिऱ्हाइकं काय विचारतात आणि दुकानदार काका काय सांगतात, ते ऐकत बसलो. त्यातले काही प्रश्न आज तुम्हाला सांगतो, कारण ते आपल्या घरातल्या पेटीलाही लागू आहेत.

पहिला प्रश्न होता, "काका, हे किती जुनं आहे?" एका मुलाने आजोबांच्या घरातलं पुस्तक आणलं होतं. त्यावर साल होतं १८२०. तो म्हणाला, दोनशे वर्षांचं आहे! काका हसले. म्हणाले, "बाळा, त्याच्या आधी काय लिहिलंय ते वाच." आधी लिहिलं होतं 'शके'. आपल्या पंचांगावर आजही शालिवाहन शक असतो, तसंच जुन्या मराठी पुस्तकांवर असायचं. शकात ७८ मिळवले की इंग्रजी साल निघतं. म्हणजे शके १८२० हे १८९८ साल झालं. पौषापासून पुढचे महिने असले तर एखाद्या वर्षाचा फरक पडतो. आणि 'संवत' लिहिलं असेल तर त्यातून ५७ वजा करायचे. एवढं गणित आपल्या गटाच्या वहीपेक्षा सोपं आहे.

दुसरा प्रश्न एका ताईंचा. "किंमत बारा आणे म्हणजे किती हो?" आपल्या आजीला हे विचारावं लागलं नसतं. सोळा आण्यांचा एक रुपया, म्हणून बारा आणे म्हणजे पाऊण रुपया. शंभर पैशांचा रुपया १ एप्रिल १९५७ पासून आला. तेव्हा पुस्तकावर नुसते आणे असतील तर ते बहुतेक त्याआधीचं, आणि 'नवे पैसे' असतील तर त्यानंतरच्या काही वर्षांतलं. साल छापलेलं पान फाटलं असलं तरी किंमत अशी वय सांगून जाते.

तिसरा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आला. "जुनं आहे म्हणजे महाग जाईल ना?" काकांचं उत्तर आम्हाला पटलं. जुनं म्हणून महाग होत नाही. ज्या पोथ्या घरोघरी होत्या, ज्यांच्या हजारो प्रती निघाल्या, त्या शंभर वर्षांच्या असल्या तरी मिळतात. ज्याच्या प्रती थोड्या निघाल्या आणि जे जपलं गेलं नाही, ते दुर्मीळ. आणि मग ते म्हणाले, "ताई, बायकांनी लिहिलेलं जुनं पुस्तक शोधायला लोक येतात, पण माझ्याकडे येतं कुठे?"

इथे आम्हाला ताराबाई शिंदे आठवल्या. काही जणींनी हे नाव आपल्या प्रशिक्षणात ऐकलं असेल. ताराबाई बुलढाण्याच्या. १८८१ साली सुरतेच्या एका तरुण विधवेवर मूल मारल्याचा खटला झाला आणि वर्तमानपत्रांतून साऱ्या बायकांना दूषणं देणारं लिहून येऊ लागलं. ताराबाईंना राग आला. त्यांनी लेखणी उचलली आणि सरळ विचारलं की जे दोष बायकांच्या माथी मारता, ते पुरुषांत नाहीत का? ते पुस्तक म्हणजे 'स्त्रीपुरुष तुलना'. १८८२ साली पुण्यातच छापलं गेलं. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. त्यावर टीका झाली. जोतिराव फुले मात्र ताराबाईंच्या बाजूने उभे राहिले, तसं त्यांनी लिहिलंही. पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक काही निघालं नाही, आणि या पुस्तकाचाही लोकांना विसर पडला.

किती वर्षं? जवळजवळ नव्वद. मग डॉ. स. गं. मालशे या अभ्यासकांना त्याची प्रत मिळाली आणि १९७५ साली त्यांनी ते पुन्हा छापून आणलं. आज ते कॉलेजात शिकवलं जातं, इंग्रजीतही गेलं आहे. मैत्रिणींनो, विचार करा. पाचशे प्रतींतल्या उरल्यासुरल्याही कुणी किलोवर घातल्या असत्या, तर ताराबाई नावाची बाई काय म्हणाली होती हे आपल्याला कळलंच नसतं.

हे बोलत असतानाच दुकानात एक बाई पिशवी घेऊन आल्या आणि विचारलं, "किलोने घेता का?" हा चौथा प्रश्न. काकांनी पिशवी ओतली, पुस्तकं वेगळी केली आणि सांगितलं, "पुस्तक मी किलोने घेत नाही. एकेक बघून घेतो."

आम्ही चौघी एकमेकींकडे बघत राहिलो. कारण आमच्यातल्याच एका काकींच्या घरी दोन वर्षांपूर्वी घर रंगवताना सासूबाईंची पत्र्याची पेटी निघाली होती. आत पोथ्या होत्या, 'स्त्री' मासिकाचे अंक होते आणि हाताने लिहिलेली एक वही होती. सासूबाईंच्या जात्यावरच्या ओव्या, कुणाकडून तरी लिहवून घेतलेल्या. घाई होती, पेटी रद्दीत गेली. आलेल्या पैशांत त्या दिवशीची भाजी आली. त्या वेळी आम्ही तिथेच होतो, आम्हीच तराजूवर गठ्ठे चढवू लागलो. म्हणून या चुकीचं नाव काकींवर टाकणार नाही. ती आमचीही आहे.

बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरातल्यांनी ओव्या-गाणी उतरवून ठेवली, म्हणून त्या गेल्यावर १९५२ साली पुस्तक निघालं. ती उतरवलेली पानं कुणी रद्दीत घातली असती तर? काकींच्या सासूबाईंच्या वहीत काय होतं ते आता आम्हाला कधीच कळणार नाही.

पाचवा प्रश्न होता, "आत नाव लिहिलंय, खराब झालं का हो?" पुष्कळजण नाव लिहिलेलं पुस्तक परत ठेवतात. काकांनी आम्हाला स्वयंपाकाचं एक जुनं पुस्तक दाखवलं. पहिल्या पानावर शाईने एका बाईचं नाव, गावाचं नाव आणि 'लग्नात भेट' असं लिहिलेलं. आत समासात तिने मिठाचं प्रमाण बदललेलं. पानावर हळदीचा डाग. ही काही खराबी नव्हे. एका बाईने हे पुस्तक वाचलं, वापरलं, त्यात आपली अक्कल घातली, याची ती खूण. ते पुस्तक आम्ही घेतलं.

सहावा प्रश्न, "पूर्ण पुस्तकाचं झेरॉक्स चालेल का?" आपल्याकडच्या कायद्यात लेखक गेल्यानंतर साठ वर्षं हक्क त्याच्या वारसांकडे राहतो. त्याहून जुनं असेल तर छापायला, वाटायला मोकळीक आहे. ताराबाईंचं पुस्तक आज कुणीही छापू शकतं. अलीकडच्या लेखिकेचं मात्र विकतच घ्यावं. तिच्याही घरी चूल असते.

परत येताना एसटीत आम्ही चार गोष्टी ठरवल्या. त्या आता आमच्या गटांच्या ठरावात आहेत.

पेटी किंवा माळा साफ करताना कागद त्याच दिवशी विकायचे नाहीत. आठ दिवस बाजूला ठेवायचे आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दाखवायचे.

पहिलं आणि शेवटचं पान वाचायचं. शके, किंमत, छापखाना आणि कुणाचं नाव, एवढं वहीत टिपायचं.

हाताने लिहिलेलं काहीही, ओव्या, औषधं, हिशेब, पत्रं, किलोवर घालायचं नाही. मोबाइलवर पानापानाचे फोटो काढायचे.

फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावायची नाही, ती पुढे कागद खाते. ओल नसलेल्या जागी, वाळलेला कडुनिंबाचा पाला घालून सुती कापडात बांधून ठेवायचं. सांभाळणं झेपत नसेल तर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ग्रंथालयात दाखवायचं. मराठी ग्रंथांसाठी ठाण्यात १८९३ साली आणि मुंबईत १८९८ साली उभी राहिलेली संग्रहालयं लोकांच्या देणग्यांतूनच वाढली.

आमच्या वाचनकट्ट्यावर आज सव्वाशे पुस्तकं आहेत. एका कप्प्यात फक्त गावातल्या घरांतून आलेली. काकींनी त्यात एक कोरी वही ठेवली आहे. सासूबाईंच्या जेवढ्या ओव्या त्यांना आठवतात, तेवढ्या दर गुरुवारी त्या सांगतात आणि सातवीतली नात लिहून घेते. परवापर्यंत एकोणीस झाल्या.

तुमच्या घरी पेटी असेल तर या आठवड्यात उघडा. काय निघालं ते पुढच्या बैठकीत सांगा, आम्हालाही कळवा.